एका सीटसाठी दोघे: नागपूरच्या एका मोटरसायकल रेसरचं प्रकरण

मी खेळाडूंसोबत समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण नागपूरच्या एका मोटरसायकल रेसरचं आहे आणि त्याच्या व घरच्यांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी संघ थांबतात त्या आवारात, पोरं एकमेकांना गाडीच्या नंबरावरून ओळखतात, म्हणून इथेही नंबरच वापरते, तेही बदललेले: माझ्याकडे आला तो 'सत्तावीस' आणि त्याचा प्रतिस्पर्धी 'एकसष्ट'. ज्यांच्या घरात असं पोरगं आहे आणि ज्यांच्या हाताखाली अशी पोरं गाडी चालवतात, त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

दोघंही एकाच गॅरेजात घडले. सक्करदऱ्याकडच्या गल्लीतलं ते गॅरेज, आणि तिथले उस्ताद तरुणपणी मातीवरच्या रेस केलेले. सत्तावीसच्या बाबांचं महाल भागात टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, एकसष्टचे वडील ऑटो चालवतात. दोघांच्या वयात एका वर्षाचं अंतर. सतरा-अठराचे असताना रात्री रिंग रोडवर गाड्या पळवण्याचा नाद दोघांनाही होता. ओळखीतला एक मुलगा तिथे पडून कायमचा अधू झाला, तेव्हा उस्तादांनी बजावलं, "रोडवर पळवाची असंन तं माह्या गॅरेजची पायरी चढाची नाही." तेव्हापासून दोघं आधी मातीच्या स्पर्धांकडे आणि मग ट्रॅककडे वळले.

नागपुरात रेसिंगचा पक्का ट्रॅक नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदाचे राउंड, म्हणजे मोसमातले टप्पे, मुख्यतः चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होतात. चेन्नईचा ट्रॅक 3.717 किलोमीटरचा, कोइम्बतूरचा साधारण 2.1 किलोमीटरचा. इथल्या पोराला खऱ्या डांबरावर सराव करायचा तर जीटी नाहीतर तमिळनाडू एक्सप्रेस पकडून रात्र गाडीत काढावी लागते. बाकीचे दिवस जिम, सायकल आणि शहराबाहेरचं मातीचं मैदान, तेही पहाटे. मे महिन्यात आठ वाजल्यानंतर इथे हेल्मेट डोक्यात घालून कुणी गाडी चालवू शकत नाही. चेन्नईच्या किंवा बंगळुरूच्या रायडरला महिन्यात जितका ट्रॅक मिळतो, तितका या दोघांना अख्ख्या मोसमात मिळत नसे. म्हणूनच ते एकमेकांना धरून होते. एकाने ब्रेक कुठे मारला ते दुसऱ्याला सांगायचा, डबा एकच, आणि तिकीट एकाचंच कन्फर्म असलं तर एका बर्थवर दोघं.

पुढे दोघांचीही कंपनीच्या पाठबळावर चालणाऱ्या एका संघात निवड झाली. पहिला मोसम बरा गेला. दुसऱ्या मोसमाआधी मॅनेजरने सगळ्या रायडरांसमोर जाहीर केलं की पुढच्या वर्षी वरच्या क्लासमध्ये (गटात) एकच सीट, म्हणजे रायडरची एकच जागा आहे आणि ती 'आपल्या नागपूरच्या दोघांपैकी' एकाला मिळेल.

या खेळात पहिला प्रतिस्पर्धी नेहमी आपल्याच संघातला असतो. इतरांकडून हरलं तर गाडीला, टायरला, इंजिनाला बोल लावता येतो. सोबत्याच्या हाती तीच गाडी असते, त्यामुळे सांगायला काही उरत नाही. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेतही हेच आहे. 2008 मध्ये यामाहाच्या गॅरेजात व्हॅलेंटिनो रॉसी आणि होर्हे लोरेन्झो यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. दोघांचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, ते एक कारण झालं. पण पुढच्या वर्षी टायर एकच झाले तरी भिंत कायम होती.

अडचण

मोसमाच्या पहिल्या राउंडला सत्तावीस एकसष्टच्या मागे लागून पडला. एका वळणावर एकसष्टने उशिरा ब्रेक मारला, सत्तावीसने त्याच्याही नंतर मारला, पुढचं चाक सरकलं आणि गाडी गेली. हेल्मेट एका बाजूने घासून पांढरं पडलं होतं. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसू दिलं नाही आणि नागपूरला गेल्यावर तपासून घ्यायला सांगितलं. त्याने तपासून घेतलं नाही. डोकं दुखत होतं, दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नव्हता, तरी चौथ्या दिवशी हा मैदानावर हजर.

दुसऱ्या राउंडला त्याने आतल्या बाजूने गाडी अशी घुसवली की दोघंही ट्रॅकबाहेर गेले. स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, सत्तावीसला दंड केला. संघाने दोघांच्या खुर्च्या वेगळ्या केल्या. परतीच्या प्रवासात दोघं वेगवेगळ्या डब्यांत होते.

नागपुरात तोवर ओळखीच्या पोरांचे दोन गट पडले होते. दोघांचे व्हिडिओ शेजारी-शेजारी लावून रील बनत होत्या, खाली 'कोण भारी' म्हणून भांडणं. सत्तावीसने एकसष्टच्या स्टोरी पाहण्यासाठी वेगळ्या नावाने दुसरं खातं उघडलं. रात्री दोन वाजता उठून तो पाहायचा की एकसष्ट आज जिमला किती वाजता गेला, किती वाजता झोपला. झोप तुटली, वजन उतरलं. गाडीवर तिसऱ्या-चौथ्या लॅपपासून (ट्रॅकच्या फेरीपासून) हाताची पुढची बाजू दगडासारखी कडक व्हायची, बोटं ब्रेकवर नीट वळायची नाहीत. रायडर याला आर्म पंप म्हणतात.

त्याला माझ्याकडे मोठ्या बहिणीने आणलं. ती बँकेत नोकरी करते आणि घरात बदल ओळखणारी ती पहिली. सत्तावीसला मात्र माझ्याकडून वेगळंच हवं होतं. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, रॉसीनं जिबर्नाउचं डोकं खाल्लं होतं ना, तसं हा माझं खाऊन राहिला. मले त्याचं डोकं कसं खायाचं ते सांगा."

पोराचा अभ्यास होता, म्हणून त्याच्याशी त्याच भाषेत बोलले. 2004 मध्ये कतारच्या शर्यतीत ग्रिडवरची, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतली आपली जागा संघाने साफ केल्याबद्दल रॉसीला सगळ्यात मागून सुटावं लागलं. शर्यतीत तो पडला आणि त्याचा प्रतिस्पर्धी सेटे जिबर्नाउ जिंकला. त्यानंतर जिबर्नाउला एकही ग्रांप्री (मोटोजीपीची शर्यत) जिंकता आली नाही, हे खरं. रॉसीने त्याला मनातून संपवलं ही गोष्ट तेव्हापासून फिरते. पण त्या गोष्टीत 2005 ची ब्रनोची शर्यत येत नाही, जिथे शेवटच्या लॅपला त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. 2006 ची कातालुन्याही येत नाही, जिथे सुरुवातीच्याच गर्दीत पडून त्याची कॉलरबोन मोडली. माणूस हरत गेला की आपण त्याची सगळी हार एका शत्रूच्या नावावर मांडतो, आणि मग तो शत्रू आहे त्यापेक्षा मोठा दिसायला लागतो. सत्तावीसच्या बाबतीत नेमकं हेच चाललं होतं.

पुढच्या वेळी येताना लॅप टाइमचे कागद आणायला सांगितलं. प्रत्येक सेशननंतर संघाला छापील वेळा मिळतात, त्या त्याने फाइलमध्ये जपून ठेवल्या होत्या. टेबलावर कागद पसरले आणि मला जे हवं होतं ते दिसलं. प्रत्येक कागदावर लाल बॉलपेनने खुणा होत्या, बाण होते, गोल होते. सगळ्या एकसष्टच्या वेळांसमोर. त्याच्या स्वतःच्या रकान्यात एक टिंबही नव्हतं.

आकडेही बोलत होते. ट्रॅकवर एकटा असला की त्याचे लॅप एकमेकांच्या अगदी जवळ पडत. एकसष्ट समोर आला की एक लॅप झपाट्याचा, पुढचा अर्ध्या सेकंदाने सैल, त्याच्या पुढचा आणखी सैल. पडण्याआधीही तेच, पडल्यानंतरही तेच. मी विचारलं, "त्या वळणाला तू ब्रेक कुठे मारतोस?" म्हणाला, "तो मारते तिथं."

रेसिंग शिकवताना पहिल्या दिवशी सांगतात, नजर जिथे, गाडी तिथे. सत्तावीसची नजर दोन राउंड एका मागच्या चाकावर होती. ब्रेकचा बोर्ड (ब्रेक कुठे मारायचा ते ओळखायची ट्रॅककडेची पाटी), वळणाचा आतला काठ, बाहेर पडायची जागा, हे सगळं त्याच्या दृष्टीतून गळालं होतं. ताण वाढला की लक्षाचा घेर आवळतो आणि माणूस आजूबाजूच्या खुणा वापरेनासा होतो, हे ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलं. ताशी शंभराच्या वर वेग असताना त्या घेरात काय शिल्लक राहतं, यावर जीव अवलंबून असतो.

पर्याय

बहिणीचं म्हणणं सरळ होतं, हा मोसम सोडून द्यावा. मला ते चुकीचं वाटलं नाही. पण त्या अवस्थेत सोडलं असतं तर त्याच्या मनात 'एकसष्टने मला घालवलं' हे कायमचं कोरलं गेलं असतं. सोडायचं तर शांत डोक्याने सोडावं, घाबरून नव्हे, असं मी तिला सांगितलं.

दुसरा पर्याय संघ बदलून स्वतःच्या खर्चाने उतरण्याचा, म्हणजे प्रायव्हेटर होण्याचा. तो पैशापाशी अडला. टायर, लेदर सूट, एन्ट्री फी, मेकॅनिक, राहणं-खाणं हे सगळं खिशातून. आणि इथेच एक गोष्ट बाहेर आली. बाबांनी बेसा भागातला प्लॉट गहाण टाकून कर्ज काढलं होतं आणि पोराला काही सांगितलं नव्हतं. पोराने कपाटात कागद पाहिले होते, त्यानेही बाबांना काही सांगितलं नव्हतं. ग्रिडवर उभं राहताना तो प्लॉट त्याच्या मागे बसलेला असायचा.

तिसरा पर्याय त्याचा आवडता: डोक्याचा खेळ. यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण आजच्या पोरांना प्रतिस्पर्ध्याला डिवचणं ही कला वाटते. मी त्याला 2015 च्या मोटोजीपीतल्या सेपांगच्या शर्यतीची आठवण दिली. रॉसी आणि मार्क मार्केझ यांचं आधी पत्रकारांसमोर वाजलं, मग ट्रॅकवर. मार्केझ पडला, रॉसीला पेनल्टीचे तीन पॉइंट मिळाले आणि शेवटच्या शर्यतीत व्हॅलेन्सियाला त्याला सगळ्यात मागून सुटावं लागलं. विजेतेपद लोरेन्झोने नेलं, अवघ्या 5 गुणांनी. दोघं भांडले आणि तिसरा घेऊन गेला. सत्तावीस यावर गप्प बसला. पटलं की नाही ते तेव्हा कळलं नाही.

चौथा पर्याय औषधांचा. झोप आणि धडधड पाहता मनोविकारतज्ज्ञांचं मत घेणं गरजेचं होतं आणि ते घेतलं. त्यांनी त्या टप्प्यावर औषध सुरू न करता महिनाभराने पुन्हा बोलावलं.

पाचवा पर्याय अटी घालून पुढे जाण्याचा. आधी डोक्याची तपासणी, मग सराव, मग शर्यत. यात तिसरा राउंड हातचा जाणार होता.

पहिला निर्णय: तिसरा राउंड

मेंदूला हादरा बसल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मग पायरीपायरीने परत येणं, हा आता जगभर मान्य असलेला मार्ग आहे. सत्तावीसने यातली एकही पायरी पाळली नव्हती आणि दुसऱ्या राउंडनंतरही डोकेदुखी होतीच. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आल्याशिवाय मनाच्या कामाला हात लावणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तुटकी झोप, चिडचिड, लक्ष न लागणं ही लक्षणं दबावाचीही असतात आणि हादऱ्याचीही. कशाची कोणती, हे ठरवायचा अधिकार माझा नाही.

डॉक्टरांनी आणखी काही आठवडे गाडी बंद ठेवायला सांगितली. मॅनेजरचा फोन आला, "आला नाहीस तर सीटचं मी काही सांगू शकत नाही." तो आठवडा घरात फार वाईट गेला. बाबांना वाटत होतं, एवढं काय लागलंय. त्यांच्यासमोर सत्तावीसने स्वतःच मार्केझचं उदाहरण काढलं. जुलै 2020 मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर मार्केझच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच आठवड्यात तो त्याच ट्रॅकवर गाडीवर परत बसला. नंतर हाडाला लावलेली प्लेट निकामी झाली, मोसम गेला, 2022 पर्यंत त्याच हातावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. पुढचं विजेतेपद थेट 2025 मध्ये. सत्तावीस बाबांना म्हणाला, "तो मार्केझ आहे म्हणून परत आला. मी नाही येऊ शकणार."

तिसऱ्या राउंडला तो गेला नाही. एकसष्टने तिथे एक शर्यत जिंकली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच, आणि तो घेणारा एकवीस वर्षांचा होता.

दुसरा निर्णय: बाबांशी बोलणं

प्लॉटचा विषय घरात काढू नका, असं त्याने मला बजावलं होतं. गुप्तता पाळणं माझं कर्तव्य आहे, त्यामुळे त्याची तयारी होईपर्यंत थांबले. तयारी झाली ती घरी बसलेल्या काळात. बोलणं दुकानातच झालं, दुपारी गिऱ्हाईक नसताना, काउंटरवर क्लच प्लेटांची खोकी तशीच पडलेली. सत्तावीसने कागद पाहिल्याचं सांगितलं. बाबा बराच वेळ बिलबुकची पानं सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मी तुले सांगतलं नाही, तुह्या डोक्यावर लोड नको म्हणून." पोरगं म्हणालं, "लोड तं होताच ना बाबा. फक्त एकट्याचा होता."

मग हिशेब मांडला. किती गेले, अजून किती जाऊ शकतात, कोणत्या महिन्यापर्यंत. पुढच्या मोसमाच्या शेवटापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सत्तावीस दुकानात बसेल आणि प्लॉट सुटेल. बहिणीने ते वहीत लिहून काढलं आणि तिघांनी सह्या केल्या. मर्यादा आखल्यावर माणूस खचेल असं लोकांना वाटतं. इथे त्या रात्री तो आठ तास झोपला.

गाडीवरचं काम

ट्रॅक नसलेल्या शहरात मनाचा सराव कसा करायचा? गॅरेजात गाडी स्टँडवर लावली, सत्तावीस पूर्ण बसक घेऊन डोळे मिटून बसला आणि मी हातात स्टॉपवॉच घेतलं. त्याने मनातल्या मनात चेन्नईचा एक लॅप चालवायचा, सुरुवातीला आणि शेवटी बोट उचलायचं. मनातला लॅप खऱ्याच्या जवळपास वेळ घेतो, सराव असलेल्या रायडरचा तर फारच जवळ येतो. सत्तावीसचा सात-आठ सेकंदांनी कमी भरायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग प्रत्येक वळणाला मोठ्याने नाव घ्यायला लावलं, तेव्हा समजलं की तो ज्या वळणाला पडला होता ते वळण मनातून वगळूनच पुढे जात होता. स्ट्रेटवरून, म्हणजे ट्रॅकच्या सरळ भागावरून, थेट पुढच्या वळणावर.

तिथून खरं काम सुरू झालं. ते एकच वळण, हळू, तुकड्यातुकड्याने. कोणता बोर्ड दिसल्यावर ब्रेक, नजर कधी उचलायची, गुडघ्याने टाकी कधी धरायची. समोर एकसष्ट आहे असं धरून तेच पुन्हा, आणि ब्रेक मात्र आपल्याच बोर्डावर. लॅप खऱ्या वेळेला यायला तीन आठवडे लागले.

हाताच्या तक्रारीवर त्याच्या एका मित्राने ऑपरेशन सुचवलं होतं. 2021 मध्ये मोटोजीपी रायडर क्वार्तारारोने हेरेझच्या शर्यतीनंतर ते केलं होतं, हे सगळ्या पोरांना पाठ. अस्थिरोगतज्ज्ञांनी आधी पकड पाहायला सांगितली. उस्तादांनी हँडलच्या रबरी ग्रिपकडे बोट दाखवलं. उजवी ग्रिप एका मोसमात इतकी पिळली गेली होती की तिच्यावरची नक्षी पुसली होती, एकसष्टची जवळपास नवी. मग प्रत्येक स्ट्रेटवर एकदा बोटं सैल सोडायची, श्वास बाहेर लांब सोडायचा, शरीराचा भार पायांनी आणि गुडघ्यांनी घ्यायचा, एवढंच ठरवलं. ग्रिडवरही तेच: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, व्हायझर खाली, पहिल्या वळणाचा बोर्ड डोळ्यांसमोर.

लॅप टाइमच्या कागदावर आता फक्त स्वतःच्या रकान्यात लिहायचं असा नियम केला. दुसऱ्या खात्याचा पासवर्ड बहिणीने बदलून स्वतःकडे ठेवला. पहिले काही दिवस त्याने तिच्याशी भांडण केलं.

एकसष्टशी भेट

हा निर्णय नाजूक होता. एकसष्ट माझ्याकडे आलेला नव्हता, त्याला बोलावण्याचा मला हक्क नव्हता. सत्तावीसनेच उस्तादांना विचारायला सांगितलं. भेट गॅरेजात झाली, चहावर. मी एका बाजूला बसून होते.

सुरुवातीला दोघं गाडीकडे पाहून बोलत होते. मग एकसष्ट म्हणाला, "तू मॅनेजरले सांगितलं ना, का मी घाण चालवतो म्हणून?" सत्तावीसने असं काही सांगितलं नव्हतं. उलट त्याच्या कानावर घातलं गेलं होतं की एकसष्टने सीट आपलीच असल्याचं सगळ्यांना सांगितलंय. तेही एकसष्ट म्हणाला नव्हता. दोघांनाही वेग यावा म्हणून कुणीतरी मध्ये बसून काड्या घालत होतं. एकसष्टही झोपत नव्हता. त्याच्या घरी तर गहाण टाकायला प्लॉटही नव्हता, ही सीट गेली की रेसिंग संपलं.

गळाभेट वगैरे झाली नाही. तीन गोष्टी ठरल्या. एकमेकांबद्दल कुणी काही सांगितलं तर आधी थेट फोन करायचा. रीलवाल्यांना दोघांनीही उत्तर द्यायचं नाही. एक पडला तर दुसऱ्याने शर्यत संपल्याबरोबर मेडिकल रूममध्ये जायचं. ट्रॅकवर कुणी कुणाला सोडायचं नाही, हे दोघांनी स्वतःहून वर जोडलं. चुरस तशीच राहिली, आणि ती राहायलाच हवी होती. मोटोजीपीच्या 2024 च्या मोसमात फ्रान्सेस्को बन्याया 11 ग्रांप्री जिंकूनही होर्हे मार्टिनकडून 10 गुणांनी विजेतेपद हरला आणि तरी वर्षभर दोघांत कडवटपणा आला नाही. असं होऊ शकतं हे पोरांनी पाहिलेलं आहे.

निकाल

चौथ्या राउंडच्या दोन शर्यतींत सत्तावीस सहावा आणि चौथा आला. हात शेवटपर्यंत चालला. शेवटच्या राउंडच्या एका शर्यतीत तो जवळजवळ पूर्ण वेळ एकसष्टच्या मागे होता आणि तिसरा आला, एकसष्ट दुसरा. शेवटच्या लॅपला आत घुसायला फट होती, घुसला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "माझ्या बोर्डाच्या पुढं होती ती."

सीट एकसष्टला मिळाली. तिसरा राउंड बुडाला नसता तरी गुणांत तोच पुढे राहिला असता. सत्तावीसला त्याच क्लासमध्ये आणखी एक वर्ष मिळालं. तो रडला, दोन दिवस मैदानावर गेला नाही, मग गेला. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप अजूनही तुटते, महिन्याकाठी तो येतो. प्लॉटची मुदत वहीत आहे तशीच आहे आणि बहिणीला आजही वाटतं की त्याने दुकानात बसावं.

वेगळं काय करता आलं असतं

सीटची घोषणा सगळ्यांसमोर करण्याची काहीच गरज नव्हती. निवड गुणांवर होणार असेल तर निकष लिहून द्यावेत, मोसम संपल्यावर निकाल सांगावा. दोन सोबत्यांना एकमेकांविरुद्ध भडकवून दोघंही वेगवान होतात हा समज संघांमध्ये खोलवर आहे. या दोघांनी मिळून जे गमावलं ते पाहा: एका राउंडमधून दोघं बाहेर, एक दंड, दोन मोडलेल्या गाड्या, आणि ट्रॅकची माहिती एकमेकांना देणं कायमचं बंद. पूर्वी डब्यात बसून एकमेकांना ब्रेकच्या जागा सांगणारी पोरं संघाला फुकटात दोन प्रशिक्षक देत होती.

पडल्यानंतरची तपासणी रायडरच्या इच्छेवर सोडली गेली, ही दुसरी गंभीर गोष्ट. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं होतं. घरी आल्यावर पाठपुरावा करणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांचं पत्र मिळेपर्यंत गाडीची चावी द्यायची नाही, एवढा नियम कोणताही संघ आणि कोणताही गॅरेजवाला पाळू शकतो. आमच्या उस्तादांनी तो आता केला आहे.

एकसष्टचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. त्याला आणणारी बहीण नव्हती. तो जिंकत होता म्हणून त्याची झोप कुणी विचारली नाही. दोघांमध्ये एकालाच आधार मिळाला आणि तो हरणाऱ्याला मिळाला. जिंकणाऱ्याकडेही तितकंच लक्ष द्यायला संघाकडे असा कुणी हवा, ज्याचा पगार निकालावर ठरत नाही आणि ज्याला रायडरला थांबवण्याचा अधिकार आहे.

हे दोघं निदान सज्ञान होते. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा पडून गेला. तेव्हापासून नागपुरात माझ्याकडे बारा-तेरा वर्षांच्या पोराला घेऊन कुणी आलं, की मी आईबाबांना पोरासमोरच तीन प्रश्न विचारते: यात किती पैसे घातले आहेत, ते याला माहीत आहे का, आणि याने उद्या सकाळी 'नको' म्हटलं तर तुम्ही काय कराल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मी पुढची तारीख देत नाही.